वाचकांचे प्रश्न : अपिलात नेमके काय तपासले जाते?

‘अपिलात बघून घेऊ’ हे वाक्य निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात हमखास ऐकू येते. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्या एका वाक्यातूनच निघालेले आहेत. वरचे न्यायालय काय बघते आणि कशाकडे मुळीच बघत नाही, यावर खालची उत्तरे आहेत. शेवटच्या दोन प्रश्नांत फौजदारी अपीलही येते, बाकीचे मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ खालचे आहेत.

प्रश्न : जमिनीच्या ताब्याच्या दाव्यात आमच्याविरुद्ध निकाल लागला. समोरच्यांचे दोन साक्षीदार सरळ सरळ खोटे बोलले आणि न्यायाधीशांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. जिल्हा न्यायालय त्यांना पुन्हा पिंजऱ्यात उभे करील का?

नाही. अपिलात साक्षीदार पुन्हा तपासले जात नाहीत. खालच्या कोर्टातून रेकॉर्ड मागवले जाते. त्यात वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), काढलेले मुद्दे, सरतपास आणि उलटतपास, निशाणी (कोर्टाने दिलेला क्रमांक) पडलेले दस्त, रोजनामा आणि निकालपत्र असते. जिल्हा न्यायाधीश हे कागद वाचतात आणि दोन्ही वकिलांचे युक्तिवाद ऐकतात. साक्षीदाराचा चेहरा, अडखळणे, नजर चुकवणे यांतले काही कागदावर उतरत नाही.

कलम ९६ खालचे पहिले अपील मात्र बरेच रुंद असते. कायद्याचे प्रश्न त्यात येतातच, शिवाय ‘घडले काय’ हेही नव्याने तपासता येते. कलम १०७ ने अपिली न्यायालयाला जवळपास मूळ न्यायालयाइतकेच अधिकार दिले आहेत. तरीही प्रत्येक निष्कर्षाला सारख्याच जोराने हात घातला जात नाही, आणि अपिलाची खरी खोच इथेच आहे. ‘हा साक्षीदार खरा वाटला, तो वाटला नाही’ असा निष्कर्ष असेल, तर साक्षीदाराला समोर पाहिलेल्या न्यायाधीशाचे मत सहसा मोडले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये सरजू प्रसाद प्रकरणात हे सांगितले आहे आणि त्याला अपवादही जोडला आहे. साक्षीतली एखादी ठळक गोष्ट खालच्या न्यायाधीशाच्या नजरेतून निसटली असेल किंवा ती साक्ष मुळातच असंभवनीय असेल, तर वरचे न्यायालय हात घालू शकते. निष्कर्ष दस्तांवरून किंवा मान्य गोष्टींवरून काढलेला असेल तर अशा संकोचाचे कारण उरत नाही. तोच कागद वरच्या न्यायाधीशांपुढेही असतो आणि तो त्यांनाही वाचता येतो. कायद्याचा अर्थ लावताना तर खालच्या न्यायालयाच्या मताला वेगळे वजनच नाही.

म्हणून ‘साक्षीदार खोटे बोलले’ एवढ्यावर अपील चालत नाही. ते कुठे खोटे ठरतात हे रेकॉर्डवर बोट ठेवून दाखवावे लागते. उदाहरणार्थ, ‘प्रतिवादीचा साक्षीदार क्रमांक २ याने उलटतपासात परिच्छेद ९ मध्ये कुंपण वादीने घातल्याचे कबूल केले आहे, निकालपत्रात या कबुलीचा उल्लेख नाही, निशाणी ४१ वरील मोजणी नकाशाशी त्याची साक्ष जुळत नाही.’ अपिलाच्या मेमोतला, म्हणजे अपील म्हणून दाखल करायच्या लेखातला, आधार असा हवा. ‘निकाल कायद्याला व पुराव्याला धरून नाही’ हे वाक्य बहुतेक मेमोंत पहिल्या क्रमांकावर असते आणि त्याने काहीही साधत नाही. ऑर्डर ४१ नियम १ प्रमाणे आधार थोडक्यात, युक्तिवाद न करता, क्रमांक घालून लिहायचे असतात. नियम २ प्रमाणे मेमोत नसलेला आधार न्यायालयाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही. तेव्हा मेमो घाईत खरडू नका, पण आधारांची संख्या उगाच फुगवूही नका. तीस आधारांत चार खरे असले, तर ते चार शोधायचे काम तुम्ही न्यायाधीशांवर टाकता.

तुम्हाला येणारा अपिलाचा निकालही तपासून घ्या. नियम ३१ नुसार त्यात निर्णयासाठीचे मुद्दे, प्रत्येकावरचा निर्णय, त्याची कारणे आणि निकाल फिरवला असल्यास मिळणारी दाद हे सगळे असायला हवे. खालचा निकाल कायम करताना सगळी कारणे पुन्हा लिहिण्याची गरज नसते. फिरवताना मात्र खालच्या न्यायालयाच्या एकेका कारणाला भिडावे लागते. संतोष हजारी प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. ‘पुरावा पाहिला, खालच्या न्यायालयाशी सहमत आहे’ एवढ्या दोन ओळींत पहिले अपील निकाली निघाले असेल, तर पुढच्या अपिलाला तोच एक आधार होतो.

प्रश्न : निकाल ३ जूनला लागला. नकलेसाठी अर्ज १० जूनला केला, नक्कल २४ तारखेला तयार झाली, पण आम्ही ती १ जुलैला घेतली. जिल्हा न्यायालयात अपील करायचे आहे. शेवटचा दिवस कोणता?

१८ जुलै. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ११६ प्रमाणे जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवस मिळतात आणि उच्च न्यायालयात ९०. निकालाचा दिवस सोडून मोजायचे, म्हणजे ४ जून हा पहिला दिवस आणि ३ जुलै हा तिसावा. कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला काळ वगळला जातो. तो तुमच्या बाबतीत १० ते २४ जून, दोन्ही दिवस धरून १५ दिवस. ३ जुलैच्या पुढे १५ दिवस गेले की १८ जुलै येतो. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येते.

२४ जूनपासून १ जुलैपर्यंत नक्कल तयार होऊन पडून राहिली, तो काळ मिळत नाही. निकाल आणि नकलेचा अर्ज यांच्या मधले दिवसही मिळत नाहीत. नकलेच्या मागच्या शिक्क्यावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा असतात, हिशेब त्यांवरूनच होतो. सगळ्यांत वाईट चूक म्हणजे मूळ ३० दिवस उलटल्यावर नकलेचा अर्ज करणे. तेव्हा वगळायला काही उरतच नाही.

मुदत गेलीच तर मुदत कायद्याच्याच कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह, अपिलाबरोबरच द्यावा लागतो. ‘आजारपणामुळे उशीर झाला’ एवढे लिहून भागत नाही. मुदत संपल्यापासून अपील दाखल होईपर्यंतचा उशीर का झाला, हे पटेल असे सांगावे लागते. दवाखान्याचे कागद एका आठवड्याचे आणि उशीर चार महिन्यांचा असला, तर अर्ज तिथेच अडकतो. शिवाय असे उशिराचे अपील ऐकायचे न्यायालयाने ठरवेपर्यंत अंमलबजावणीला स्थगिती मिळत नाही.

जाता जाता वाटपाच्या दाव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा (डिक्री) झाला की अपिलाची मुदत त्याच्यापासून सुरू होते. ‘प्रत्यक्ष वाटप होऊ दे, मग एकदमच अपील करू’ म्हणून थांबलात, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९७ आड येते. अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात मग हिश्शांबद्दल बोलता येत नाही.

प्रश्न : आमचा निशाणी ५ चा तूर्तातूर्त मनाईचा (दावा चालू असेपर्यंतच्या मनाईचा) अर्ज फेटाळला. यावर अपील करून उपयोग होतो का?

अपील होते, ऑर्डर ४३ नियम १ खाली. उपयोगाचे सांगायचे तर, निम्मे लोक चुकीचा युक्तिवाद घेऊन जातात. तूर्तातूर्त मनाई द्यायची की नाही हा न्यायालयाच्या स्वेच्छाधिकाराचा भाग आहे. वाँडर विरुद्ध अँटॉक्स या १९९० च्या निकालापासून दंडक असा आहे, की खालच्या न्यायालयाने अधिकार मनमानीने, लहरीपणाने किंवा ठरलेली तत्त्वे डावलून वापरला असेल तरच अपिली न्यायालय मध्ये पडते. ‘मी त्या जागी असतो तर मनाई दिली असती’ असे वरच्या न्यायाधीशांना वाटणे पुरेसे नाही.

त्यामुळे तुमची बाजू किती बळकट आहे हे पुन्हा सांगण्यात वेळ घालवू नका. आदेश उघडा आणि त्यात काय नाही ते शोधा. प्रथमदर्शनी केस, सोय-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान हे तीन मुद्दे तपासले आहेत का? तुमचा महत्त्वाचा दस्त विचारात घेतलाच नाही असे झाले आहे का? अर्जावरच्या आदेशात मालकीचा अंतिम निर्णयच देऊन टाकला आहे का? असे काही सापडले तर अपिलात दम आहे. हे अपील हरले तर त्यावर दुसरे अपील नाही.

सगळ्याच मधल्या आदेशांवर अपील होत नाही, हेही लक्षात असू द्या. वादपत्रातली दुरुस्ती नाकारली, साक्षीदाराला पुन्हा बोलवायला नकार दिला, अशा आदेशांवर थेट अपील नाही. पण त्या आदेशाने अंतिम निकालावर परिणाम झाला असेल, तर कलम १०५ प्रमाणे हुकूमनाम्यावरच्या अपिलाच्या मेमोत तो आधार म्हणून घालता येतो. हे ठाऊक नसल्याने कितीतरी चांगले आधार वाया जातात.

प्रश्न : निकालानंतर आजोबांच्या पेटीत १९६२ ची खरेदीखताची मूळ प्रत सापडली. ती अपिलात दाखल करता येईल?

ऑर्डर ४१ नियम २७ खाली अर्ज करता येतो, पण नियमाची सुरुवातच नकाराने होते. अपिलात जादा पुरावा देण्याचा हक्क पक्षकारांना नाही. दारे तीनच आहेत. खालच्या न्यायालयाने घ्यायला हवा होता असा पुरावा नाकारला. किंवा योग्य ती खटपट करूनही तो तेव्हा माहीत नव्हता वा हजर करता आला नाही. किंवा निकाल देण्यासाठी खुद्द अपिली न्यायालयालाच त्याची गरज वाटते.

तुमचे दार दुसरे. पेटी कुठे होती, कोणाच्या ताब्यात होती, ती कधी आणि कशी उघडली, दावा चालू असताना शोध का घेतला नाही, हे प्रतिज्ञापत्रात लिहावे लागेल. पेटी तुमच्याच माळ्यावर होती आणि कोणी पाहिले नाही, असे असेल तर ‘खटपट केली’ हे पटवणे कठीण जाईल. खरेदीखत नोंदणीकृत असेल तर समोरचे वकील पहिला प्रश्न विचारतील, की दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल दाव्यातच का काढली नाही? त्याचे उत्तर आधीच तयार ठेवा. केसमधली भोके बुजवायला हा नियम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये इब्राहिम उद्दीन प्रकरणात बजावले आहे. हा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीबरोबर ऐकावा, असेही त्यात म्हटले आहे. तेव्हा अर्ज दाखल केल्या केल्या निर्णय येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : खालच्या कोर्टाने समोरच्यांचा कमी स्टॅम्पचा करारनामा पुराव्यात घेतला. अपिलात हा मुद्दा घेतला तर निकाल रद्द होईल ना?

त्या वेळी हरकत घेतली होती का? नसेल तर मुद्दा संपला. स्टॅम्प कमी आहे ही हरकत दस्त पुराव्यात दाखल होतानाच घ्यायची असते. एकदा दाखल झाला की त्याच दाव्यात किंवा अपिलात केवळ तेवढ्यासाठी तो बाहेर काढता येत नाही. दस्त ज्या पद्धतीने शाबीत केला तिच्यावरची हरकतही तशीच वेळेवर घ्यावी लागते. पण दस्ताची नोंदणी सक्तीची असून ती झालीच नसेल, तर गोष्ट वेगळी. तो दस्त हक्काचा पुरावा म्हणून मुळातच अग्राह्य असतो, आणि निशाणी पडली म्हणून तो ग्राह्य होत नाही. हा मुद्दा अपिलातही घेता येतो.

चूक झाली हे दाखवले की निकाल रद्द, असाही हिशेब नसतो. कलम ९९ म्हणते की केसच्या गुणवत्तेवर किंवा न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रावर परिणाम न करणाऱ्या चुकीसाठी हुकूमनामा फिरवायचा नाही. तो कागद बाजूला काढला तरी बाकीच्या पुराव्यावर तोच निष्कर्ष टिकतो का, हे न्यायालय पाहते. आवश्यक पक्षकारालाच दाव्यात न घेणे ही चूक मात्र या कलमाच्या आसऱ्याला येत नाही.

प्रश्न : पैशांच्या वसुलीचा हुकूमनामा आमच्याविरुद्ध झाला. अपील दाखल केले, तरी समोरच्याने दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावली. हे बेकायदा नाही का?

अजिबात नाही. ऑर्डर ४१ नियम ५ ची पहिलीच ओळ सांगते की नुसत्या अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज हवा. अर्ज विनाकारण उशिरा केलेला नसावा, स्थगिती न मिळाल्यास मोठे नुकसान होईल हे दाखवावे आणि तारण द्यावे, अशा त्याच्या अटी आहेत. पैशांच्या हुकूमनाम्यात तर न्यायालय ठरवेल त्या मुदतीत रक्कम भरावी लागते किंवा तारण द्यावे लागते. ते केले नाही तर स्थगिती देऊ नये असे नियमातच लिहिले आहे. ‘पैसे भरावे लागतील’ हे पैशांच्या दाव्यात मोठे नुकसान समजले जात नाही, कारण अपील जिंकल्यास ते परत मिळू शकतात.

अपील तयार व्हायला वेळ लागणार असेल, तर अपिलाची मुदत संपण्यापूर्वी निकाल देणाऱ्या न्यायालयाकडेच तात्पुरत्या स्थगितीचा अर्ज करता येतो. आणि स्थगिती मिळाल्यावर कागद खिशात ठेवून घरी जाऊ नका. आदेश खालच्या न्यायालयाला कळल्यापासून तो लागू होतो. अधिकृत प्रत पोचेपर्यंत, तुम्हाला प्रत्यक्ष माहीत आहे असे प्रतिज्ञापत्र दरखास्तीच्या कोर्टात देता येते आणि त्यावर कोर्ट थांबते. बेलिफ दारात आल्यावर ही धावपळ करण्यात अर्थ नसतो.

प्रश्न : दावा आम्ही जिंकलो, पण भरपाई निम्मीच मिळाली. आम्ही अपील केले नाही, समोरच्याने केले. आता उरलेली रक्कम मागता येईल?

येईल, क्रॉस ऑब्जेक्शन, म्हणजे समोरच्याच्या अपिलातच तुमची उलट हरकत, दाखल करून. सुनावणीची नोटीस तुम्हाला किंवा वकिलांना बजावल्यापासून एक महिन्याच्या आत, कोर्ट फी भरून. समोरच्याने नंतर अपील काढून घेतले तरी तुमचे क्रॉस ऑब्जेक्शन चालू राहते. निकाल पूर्ण तुमच्या बाजूचा असून एखादाच मुद्दा विरुद्ध गेला असेल, तर तो निकाल राखण्यासाठी त्या मुद्द्यावर तोंडी युक्तिवादही चालतो.

प्रश्न : दोन्ही कोर्टांत हरलो. उच्च न्यायालय सगळी केस पुन्हा पाहील का?

इथे बहुतेकांची निराशा होते. कलम १०० खालचे दुसरे अपील कायद्याच्या सारभूत प्रश्नावरच चालते. १९७६ च्या दुरुस्तीने हे दार मुद्दामच अरुंद केले. असा प्रश्न मेमोत नेमका मांडावा लागतो, उच्च न्यायालयाने तो निश्चित करावा लागतो आणि सुनावणी त्या प्रश्नावर होते. कारणे नोंदवून दुसरा सारभूत प्रश्न घेण्याची मुभा न्यायालयाला आहे. पैशांच्या वसुलीचा दावा २५,००० रुपयांपर्यंतचा असेल तर दुसरे अपीलच नाही.

‘दोन्ही न्यायालयांनी ताबा कोणाचा हे चुकीचे ठरवले’ हा तथ्याचा प्रश्न झाला, तो दारातच अडतो. तोच राग कायद्याच्या चौकटीत बसतो का ते बघा. कसलाही पुरावा नसताना निष्कर्ष काढला, निर्णायक दस्त दोन्ही न्यायालयांनी दुर्लक्षिला, शाबितीचा भार भलत्याच बाजूवर टाकला, ज्या दस्तावर हक्क उभा आहे त्याचा अर्थच चुकीचा लावला, हे सगळे कायद्याचे प्रश्न होऊ शकतात. सातबाऱ्यावरची नोंद हाच मालकीचा पुरावा धरून निकाल देणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. फेरफाराने मालकी येत नाही, त्यामुळे तिथे प्रश्न उभा राहतो. नुसता ‘निष्कर्ष विकृत आहे’ असा शब्द मेमोत पेरून मात्र काही उगवत नाही. कोणता कागद, कोणती ओळ, हे इथेही सांगावेच लागते.

प्रश्न : भावाला मारहाण झाली, खालच्या फौजदारी कोर्टाने आरोपींना सोडले. सरकार अपील करीत नसेल तर आम्हाला हक्क आहे का?

आहे. जखमी भाऊ पीडित म्हणून स्वतः अपील करू शकतो. हा हक्क २००९ च्या अखेरीस लागू झाला, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. सुटका, कमी गंभीर गुन्ह्याखाली शिक्षा किंवा अपुरी भरपाई यांवर अपील होते; केवळ शिक्षा कमी झाली म्हणून पीडिताला करता येत नाही. त्यासाठी वेगळी परवानगीही लागत नाही, असे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात ठरवले.

सुटकेवरच्या अपिलात न्यायालय सगळा पुरावा पुन्हा तपासू शकते. अडचण दुसरीकडे असते. आरोपी निर्दोष आहे हे गृहीतक मुळात असतेच, आणि सुटकेच्या निकालाने ते आणखी पक्के होते. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य (२००७) प्रमाणे पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील आणि खालच्या न्यायालयाने त्यांतला एक घेतला असेल, तर तो मोडायचा नाही. म्हणून ‘आरोपी दोषी असणे शक्य आहे’ असे दाखवून काम होत नाही. त्या पुराव्यावरून सुटकेचा निष्कर्ष वाजवीपणे निघूच शकत नव्हता, हे दाखवावे लागते. जखमीची साक्ष, वैद्यकीय दाखल्यातल्या जखमांच्या जागा आणि फिर्यादीची वेळ हे तिन्ही समोरासमोर मांडून पाहा. ते एकमेकांशी जुळत असूनही निकालपत्रात क्षुल्लक विसंगतींवर भर दिला असेल, तर अपिलाची सुरुवात तिथून करा.

प्रश्न : तारखेला आमचे वकील आलेच नाहीत आणि अपील निकाली निघाले. आता?

दिवाणी अपील गैरहजेरीसाठी फेटाळता येते, पण गुणवत्तेवर फेटाळता येत नाही. फेटाळल्यापासून ३० दिवसांत ते पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज, गैरहजेरीच्या सबळ कारणासह करा. गैरहजेरीतच गुणवत्तेवर निर्णय दिला असेल तर आदेशाची प्रत आधी नीट वाचा, तो निर्णयच नियमाविरुद्ध असतो. दाखल करून घेतलेल्या फौजदारी अपिलाला उलटा नियम आहे. ते नुसत्या गैरहजेरीसाठी फेटाळता येत नाही, रेकॉर्ड वाचून गुणवत्तेवरच ठरवावे लागते. १९९६ च्या बनी सिंग निकालाने हे पक्के केले आहे.